जुगाड म्हणू नका, प्लीज

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि खरं सांगायचं तर रागानं बसलोय. राग शांत झाल्यावर लिहावं असं जाणकार सांगतात. पण राग शांत झाला की मी लिहीतच नाही, हा आजवरचा अनुभव आहे. नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेतच, त्यांनी आधीच माफ करावं. यातला निम्मा राग त्यांच्यावरच आहे. :)

झालं असं. गेल्या महिन्यात गावी तात्यांनी (म्हणजे माझे धाकटे चुलते) आबांच्या वेळच्या डिझेल इंजिनाला भंगारातून आणलेला हवेचा कॉम्प्रेसर जोडला. माझ्या चुलतभावानं त्याचा पाऊण मिनिटाचा व्हिडिओ काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इंजिन धडधडतंय, पट्टा फिरतोय, ट्रॉलीच्या चाकात हवा भरली जातेय आणि तात्या कंबरेवर हात ठेवून गेजकडे बघताहेत. दोन तासांत चाळीसएक उत्तरं आली. अंगठे, टाळ्या, हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. आणि जवळजवळ प्रत्येकात तो एकच शब्द. "काय जुगाड केलंय तात्यांनी!" "देसी जुगाड!" "जुगाडू तात्या झिंदाबाद!"

रात्री तात्यांचा फोन आला.

"बगितलंस का?"

म्हटलं, "बघितलं तात्या. सगळ्यांना लई आवडलंय."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "जुगाड म्हनत्यात रं. तीन आठवडं घालवलं मी." आणि फोन ठेवला.

तर हे लिखाण त्या तीन आठवड्यांबद्दल आहे, आणि त्या शब्दाबद्दल.

आधी इंजिनाबद्दल सांगतो. आमचं गाव पलूसजवळ. किर्लोस्करवाडी सायकलच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या भागात इंजिन, पंप, पाना हे शब्द मुलांना बाराखडीच्या आधी येतात. बहात्तरच्या दुष्काळानं पोळल्यावर आबांनी सोसायटीचं कर्ज काढून १९७४ साली हे इंजिन घेतलं. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, १५०० आरपीएम, ऐंशी मिलिमीटरचा बोअर आणि एकशे दहाचा स्ट्रोक. हे आकडे आबांना पाढ्यांसारखे पाठ होते आणि त्यांच्यामुळे मलाही. विहिरीवर वीज आली, मोटार बसली आणि इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं. मधली काही वर्षं त्याच्यावर कडबाकुट्टी चालायची, मग तीही विजेवर गेली.

तेव्हापासून दर दिवाळीला आमच्या घरात एक ठराव मांडला जातो: ते इंजिन भंगारात घाला. ठराव मांडणारे बदलतात, ठराव तोच. "जागा अडवतंय", "लोखंडाला भाव चांगला आहे", "पोरांना लागेल". (त्या इंजिनाच्या आसपास आम्ही तीन पिढ्या खेळलो, एकालाही लागलं नाही. मोबाईल बघत जिन्यावरून पडलेले मात्र दोघं आहेत.) मी स्वतः एका दिवाळीला या ठरावाच्या बाजूनं बोललो होतो. लपवण्यात अर्थ नाही, तात्यांना आठवतंय.

आता कॉम्प्रेसर कशाला? ज्यांचं शेतीशी नातं सातबाऱ्यावरच्या नावापुरतं उरलंय (यात मीही आलो) त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीची चाकं सतत हवा मागतात. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाचटाचा भुगा आणि धूळ बसते, ती हवेनं उडवली नाही तर इंजिन तापतं. एअर फिल्टर साफ करायला हवा लागते. ठिबकच्या फिल्टरला लागते. हवा भरायचं दुकान आमच्या मळ्यापासून सात किलोमीटर. भरलेल्या ट्रॉलीचं चाक बसलं तर चाक काढायचं, दुसऱ्या गाडीत घालायचं, सात किलोमीटर न्यायचं आणि आणायचं. तोडणी थांबलेली, टोळी बसलेली, कारखान्याचा नंबर चुकलेला. विजेवरचा कॉम्प्रेसर घ्यावा तर शेतीच्या फीडरला वीज ठरलेल्या तासांनाच, आणि चाक काही ते तास बघून बसत नाही.

तात्यांनी ठरवलं, इंजिन आहे, त्याला कॉम्प्रेसर जोडू.

पहिल्यांदा त्यांनी आणला एका मोडीत निघालेल्या ट्रकचा, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. स्वस्तात मिळाला, मजबूत होता, हातानं फिरवला तर छान फुसफुसत होता. उत्साहानं तो मेस्त्रींकडे नेला. आमचे मेस्त्री म्हणजे सत्तरी गाठलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी तो उलटा केला, खालच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "तात्या, ह्याला स्वतःचं त्याल कुठाय?"

मुद्दा असा की ट्रकच्या अशा कॉम्प्रेसरला बहुधा स्वतःची तेलाची टाकी नसते. ट्रकच्या इंजिनाचं तेल दाबानं त्याच्या बेअरिंगमध्ये येतं आणि फिरून परत इंजिनात जातं. थंड व्हायचं पाणीही बऱ्याचदा इंजिनाचंच. तो कॉम्प्रेसर म्हणजे घरजावई, सासऱ्याच्या जीवावर चालणारा. त्याला एकटा काढून पट्ट्यावर फिरवला तर तो फिरेल, हवाही देईल, व्हिडिओसुद्धा छान येईल. आणि थोड्याच वेळात बेअरिंग धरून जाम होईल. वेगळा तेलपंप लावून तो चालवता येतो, पण मग तो पंप, त्याची गाळणी, त्याची नळी असं सगळं आलं. मेस्त्रींनी तो परत करायला लावला. तात्यांचा पहिला आठवडा असा गेला.

दुसरं हेड मिळालं ते एका बंद पडलेल्या पंक्चरच्या दुकानातून. दोन सिलिंडरचं, स्वतःच्या क्रँककेसमध्ये तेल असलेलं. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक चमचा असतो, तो तेलात बुडी मारून सगळीकडे शिंपडतो. साधी गोष्ट, पण कुणाच्या उपकारावर अवलंबून नाही. उघडलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलल्या, काजळी खरवडली.

मग पुलीचा हिशोब. हेडच्या चाकाचा व्यास बारा इंच, आणि ते ७५० आरपीएमनं फिरावं असं त्याच्या पाटीवर लिहिलेलं. इंजिन १५००. इंजिनावर कडबाकुट्टीच्या वेळची आठ इंची पुली होती. पंधराशे गुणिले आठ भागिले बारा, म्हणजे हजार. हेड चाललं असतं का? चाललं असतं. हवा जास्त दिली असती का? दिली असती. माझा चुलतभाऊ म्हणालाही, "मग चांगलंच की, लवकर भरंल!" मेस्त्री म्हणाले, "वर्षात पट्ट्या तुटत्याल आन् हेड भाजंल." लेथवर सहा इंची पुली करून घेतली. पंधराशे गुणिले सहा भागिले बारा, साडेसातशे. चौथीच्या पोराला येणारं गणित आहे. ते करायचं की नाही एवढाच प्रश्न असतो.

फिरण्याची दिशाही बघावी लागते. हेडच्या चाकाचे आरे पंख्यासारखे तिरके असतात, ते सिलिंडरवर वारा मारतात. चाक उलटं फिरलं तर हवा तरीही तयार होते, पण हेडला वारा नीट लागत नाही आणि ते तापतं. चाकावर बाण असतो, गंजाखाली असल्यामुळे कुणी बघत नाही. इंजिनाची दिशा तर बदलता येत नाही, म्हणून पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, तोंड फिरवून हेड बसवलं. त्यासाठी आधीच वेल्डिंग केलेली चौकट कापून पुन्हा केली.

इंजिनाचं पाणी हा आणखी एक प्रश्न. पूर्वी ते पंप ओढायचं तेव्हा पंपाच्याच पाण्याचा एक फाटा जॅकेटमधून जायचा. आता पंपच नाही. मग दोनशे लिटरचा पिंप कट्ट्यावर ठेवला, वरून एक नळी, खालून एक. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार पाणी खालून येतं. पंप नाही, मोटार नाही.

आणि सर्वात नाजूक भाग. विजेचा कॉम्प्रेसर टाकी भरली की आपोआप बंद होतो, हवा कमी झाली की चालू होतो. डिझेल इंजिन असं कसं करणार? त्याला तर हँडल मारावं लागतं! म्हणून अनलोडर लावायचा. टाकीत ठरलेला दाब झाला की तो हेडचा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. इंजिन चालू, हेड फिरतंय, पण हवा नुसती आत-बाहेर करतंय. याचा दुसरा फायदा हँडल मारताना. हेडचं ओझं नसेल तरच माणसाच्या हातानं इंजिन फिरतं. मधे उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह. हेडपासून टाकीपर्यंत धातूचीच नळी, कारण दाबलेली हवा तापते, दीडशे अंशांच्या वर सहज जाते आणि रबर तिथं टिकत नाही. आणि त्या वाटेवर बंद करता येईल असा कॉक कुठेही नाही. कारण चुकून कुणी तो बंद केला तर हवा जाणार कुठे?

आता टाकी. इथं मी जरा थांबणार आहे.

पंक्चरवाल्याच्या हेडबरोबर त्याची टाकीही मिळत होती. बाहेरून नवा निळा रंग. मेस्त्रींनी खालचा प्लग काढला तर आतून तांबडा गाळ आला. हवेत पाणी असतं, हवा दाबली की ते सुटतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात आमच्या एवढ्या टाकीच्या एका भरण्यात दोन पोह्याचे चमचे तरी पाणी निघतं. ते रोज काढलं नाही तर टाकी आतून, खालून, कुणाला न दिसता गंजत जाते. वरून तुम्ही हवा तेवढा रंग मारा.

मेस्त्रींनी ती टाकी पाण्यानं काठोकाठ भरली, आतली सगळी हवा काढली आणि हातपंपानं दाब चढवायला सुरुवात केली. वापराचा दाब आठ किलो, तर चाचणी दीडपट, म्हणजे बारा. पाण्यानंच का? कारण पाणी दबत नाही. टाकी फाटली तर पाणी सांडतं आणि दाब क्षणात संपतो. हवा मात्र दबलेल्या स्प्रिंगसारखी असते. नऊ किलोला टाकीच्या पोटातून एक बारीक, सुईसारखी पिचकारी उडाली. मेस्त्री काही बोलले नाहीत, पंप सोडून हात पुसले. तात्या खाली बसले.

ते का बसले हे त्या ग्रुपवरच्या चाळीसपैकी पाच-सहा जणांना माहीत असेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

१९९१ साली आमच्या फाट्यावर हवा भरायचं एक दुकान होतं. मालक मोठा डोकेबाज म्हणून प्रसिद्ध. (जुगाड हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता.) टाकी गळाली की तो वेल्डिंगचा ठिपका द्यायचा. असे बरेच ठिपके झाले होते. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून तो काढून तिथं त्यानं एक बोल्ट मारला होता. लोक कौतुकानं सांगायचे, "कंपनीचं सामान नगं त्याला, बोल्टावर भागिवतोय!" तात्या बैलगाडीच्या टायरात हवा भरायला गेले होते. टाकी फुटली. तात्यांचा डावा कान तेव्हापासून कायमचा गेला. हवा भरणारा पोरगा जागेवर गेला. सतरा वर्षांचा होता. तात्यांनी त्याला ओळखलं ते पायातल्या चपलेवरून. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

जरा हिशोब करून बघा. टाकीचा व्यास चाळीस सेंटिमीटर धरला तर तिच्या गोल झाकणाचं क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस सेंटिमीटर होतं. दाब आठ किलो. म्हणजे एकेका झाकणावर दहा टनांचा रेटा. एकशे साठ लिटरच्या अशा भरलेल्या टाकीत साठलेली ऊर्जा एक टनाची मोटार पाच-सहा मजले उचलायला पुरेल. आणि ती तुमच्या पायाशी, चहा पिताना, शेजारी उभी असते.

तात्यांनी मग पाटी असलेली, बनवणाऱ्याचा नंबर आणि दाबाचा आकडा कोरलेली दुसरी टाकी शोधली. तीही जुनीच. तिलाही पाणी भरून बारा किलोला अर्धा तास धरून ठेवलं. काटा हलला नाही. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, नवा गेज, तळाला पाणी काढायचा कॉक, पट्ट्यावर जाळी. सगळा खर्च वीस हजार सहाशे. वहीत लिहिलाय, रंगाचे पैसेसुद्धा.

हे सगळं पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत दिसत नाही, मान्य. पण मग न बघितलेल्या गोष्टीला नाव तरी देऊ नये.

माझा आक्षेप शब्दाच्या जन्माला नाही. उत्तरेत पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी गाडीवर बसवून जी गाडी करतात तिलाच जुगाड म्हणतात, तिथल्या गरजेतून आलेला तो शब्द आहे. माझा आक्षेप त्याच्या आजच्या वापराला आहे. २०१२ साली तर 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि तेव्हापासून शहरातल्या गार खोल्यांमध्ये हा शब्द कोट-टाय घालून फिरू लागला. माझ्या ऑफिसातही एकदा यावर भाषण झालं. वक्त्यानं भारतीय माणसाच्या रक्तातच जुगाड आहे असं सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

रक्तात काहीही नसतं हो! पुलीचं गणित रक्तात नसतं. ते कुणीतरी कुणाला तरी शिकवलेलं असतं, बहुतेक वेळा शिव्या देऊन.

या शब्दानं दोन नुकसानं होतात. पहिलं म्हणजे ज्यानं विचार करून काम केलं त्याचं काम योगायोग ठरतं. कंपनीच्या इंजिनिअरनं इंजिनाला कॉम्प्रेसर जोडला तर ते डिझाईन, आणि तात्या-मेस्त्रींनी जोडला तर जुगाड. फरक कशात आहे? हिशोब दोघांनी केला. चाचणी दोघांनी घेतली. फरक एवढाच की एकाकडे कागदावर शिक्का आहे आणि दुसऱ्याच्या बोटांना ग्रीस.

इतिहास बघायचा तर डिझेल इंजिनाला कॉम्प्रेसर जोडणं हे काही आमच्या गोठ्यात सुचलेलं नाही. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला चाललं, तेच मुळात स्वतःचा हवेचा पंप बरोबर घेऊन. दाबलेल्या हवेच्या झोतानंच ते सिलिंडरमध्ये इंधन फवारायचं. चांगले फवारणी पंप बाजारात येईपर्यंत, म्हणजे १९२०च्या दशकापर्यंत, कितीतरी डिझेल इंजिनं असा कॉम्प्रेसर पाठीवर घेऊनच जगली. आजही मोठ्या जहाजांची इंजिनं दाबलेल्या हवेनं चालू करतात. म्हणजे तात्यांनी केलं ते त्या इंजिनाच्या पणजोबाला ओळखीचं वाटलं असतं. त्याला कुणी जुगाड म्हणालं असतं का?

आणि घराजवळचंच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं म्हणत लोक ते घेईनात. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोकांनी नावं ठेवली, पण निदान 'काय जुगाड आहे' म्हणून टाळ्या वाजवून त्यांना वाटेला लावलं नाही. नकारालाही एक मान असतो, कारण नाकारणाऱ्यानं वस्तू नीट बघितलेली असते.

दुसरं नुकसान जास्त वाईट आहे. जुगाड म्हटलं की सगळं माफ होतं. बोल्ट मारलेला सेफ्टी व्हॉल्व्ह हाही जुगाड आणि बारा किलोला तपासलेली टाकी हाही जुगाड. एकच शब्द, एकच टाळी. मग पुढच्या पोराला कळणार कसं की यातलं काय करायचं आणि काय नाही?

ही भीती काल्पनिक नाही. आमच्या भावानं तो व्हिडिओ आपल्या मित्रांनाही पाठवला. चौथ्या दिवशी त्यातल्या एकाचा फोन: फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आहे, टाकी म्हणून घरगुती गॅसचा रिकामा सिलिंडर वापरतो, भोक पाडून नळी वेल्ड करतो, चालेल ना? तात्यांनी फोनवर असा आवाज चढवला की शेजारी धावत आले. रिकाम्या सिलिंडरमध्ये गॅस उरलेला असतो, त्याला वेल्डिंगची ठिणगी लावणं म्हणजे काय? त्याच्या तळाला पाणी काढायला जागा नाही. आणि तो सिलिंडर आपल्या मालकीचासुद्धा नसतो, डिपॉझिट भरून वापरायला मिळालेला असतो. पण पोराचं काय चुकलं? त्यानं चाळीस टाळ्या बघितल्या होत्या. टाळ्या कशाला वाजल्या ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आणि काही जण म्हणालेतच, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा घ्यायचा. जुनं इंजिन धूर सोडतं, आता सौरपंपाचा जमाना आहे. यातला धुराचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. पाणी उपसायला दिवसभर डिझेल जाळणं मूर्खपणाचंच आहे. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आहे, २०२४ साली राज्यानं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आणली, ज्यांना मिळतोय त्यांनी जरूर घ्यावा. पण हे इंजिन दिवसभर चालत नाही. हंगामात आठवड्यातून तास-दोन तास. टाकी भरायला सात-आठ मिनिटं लागतात, मग बंद. तेवढ्यासाठी हे इंजिन वितळवून दुसरीकडे नवं लोखंड ओतणं हे पर्यावरणाचं प्रेम आहे की नव्या वस्तूचं?

पैशाचं म्हणाल तर विजेवरच्या नव्या कॉम्प्रेसरचा आम्हाला सांगितलेला भाव याच्या दुपटीच्या आसपास होता. पण मी तो मुद्दा ताणणार नाही, कारण तात्यांच्या तीन आठवड्यांची मजुरी धरली तर हे काही स्वस्त पडलेलं नाही. स्वस्त आहे म्हणून चांगलं, हेही जुगाडवाल्यांचंच तर्कट आहे.

खरी कमाई वेगळी आहे. हे इंजिन उघडता येतं. त्याचा प्रत्येक नट साध्या पान्यानं फिरतो. आतलं काय बिघडलं ते कानाला आणि बोटाला कळतं. आज घरातल्या बहुतेक वस्तू अशा येतात की त्या उघडल्या की मोडतात, आणि मोडल्या की दुकानदार म्हणतो, "नवीनच घ्या साहेब." केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवायला समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली. छान झालं. पण हक्क मिळून करणार काय, दुरुस्त करणारे हातच उरले नाहीत तर? आमच्या मेस्त्रींचा मुलगा पार्सल पोचवायचं काम करतो. त्याला दोष देत नाही. ज्या कामाला लोक 'जुगाड' म्हणून हसतात आणि ज्याचे पैसे देताना घासाघीस करतात, ते काम त्यानं का शिकावं?

म्हणून माझी नातेवाईक आणि ब्लॉगर मंडळींना हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी असं काही बघितलंत तर टाळी वाजवण्याआधी एक प्रश्न विचारा. "टाकी तपासली का?" "पुली किती इंची घेतली?" "हेड तापतं का?" तांत्रिक काही सुचलं नाही तर "कसं केलंत?" एवढं पुरे. उत्तर देणाऱ्याला ते माहीत असेल तर तो अर्धा तास बोलेल आणि त्याला कुणीतरी ओळखलं असं वाटेल. माहीत नसेल तर तो गडबडेल, आणि कदाचित एखाद्या पोराचा जीव वाचेल. दोन्हीकडून फायदाच.

आणि शब्दच हवा असेल तर मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. तजवीज आहे, जुळणी आहे, जोडणी आहे. माझा आवडता शब्द हिकमत. आमची आजी आबांना 'हिकमती माणूस' म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा आवाज बदलायचा. त्यात डोकं होतं, कष्ट होते आणि थोडा अभिमान होता. तो शब्द आपण कुठे टाकला कुणास ठाऊक. भंगारातच असेल.

हे लिहिण्याआधी परवा गावी जाऊन आलो. तात्यांनी मला हँडल मारायला दिलं. पहिल्या दोन वेळा जमलं नाही, तिसऱ्यांदा लिव्हर वेळेवर सोडलं आणि इंजिन लागलं. टाकी भरली, अनलोडरनं 'फुस्स' केलं, हेड मोकळं फिरायला लागलं. काम झाल्यावर इंजिन बंद केलं आणि तात्या वाकून टाकीच्या तळाचा कॉक उघडायला लागले. उजवा कान टाकीकडे करून, आवाज ऐकत. आधी तांबूस पाणी आलं, मग पांढरं, मग नुसती हवा.

"रोज काढायचं हे," ते माझ्या लेकाला म्हणाले. "इसरलास तर भरायची न्हाई."

तो आठ वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, "का?"

चाळीस लोकांपैकी एकानंही न विचारलेला प्रश्न. तात्या खाली बसले आणि सांगायला लागले.